मोह, संमती आणि कृपा : मराठी ख्रिस्ती लेखनाच्या वाचनातील एक प्रश्न

१

ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत शेवटाकडे एक विनंती येते. तिच्या मराठी पाठांत कोठे ‘परीक्षा’ हा शब्द आढळतो, तर कोठे ‘मोह’. दोहोंच्या मुळाशी एकच ग्रीक शब्द आहे, ‘पेइरास्मोस’. पारख करणे आणि भुरळ घालणे हे दोन्ही अर्थ तो एकाच वेळी वागवतो. मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द असल्यामुळे अनुवादकाला निवड करणे भाग पडते, आणि त्या निवडीबरोबर ईश्वराविषयीची एक भूमिकाही नकळत स्वीकारली जाते. परीक्षा देव घेऊ शकतो. अब्राहामाची त्याने घेतली. मोहात मात्र तो घालीत नाही, असे याकोबाचे पत्र स्पष्टपणे सांगते. हा पेच केवळ मराठीचा नाही. फ्रेंच कॅथलिक उपासनेत २०१७ च्या अखेरीस आणि इटालियन उपासनेत २०२० मध्ये या विनंतीचे शब्द बदलण्यात आले. देवच माणसाला मोहाकडे नेतो असा ध्वनी निघू नये हा त्यामागचा हेतू होता.

या शब्दभेदाची चर्चा धर्मशास्त्रज्ञांवर सोपवून मराठी समीक्षेला पुढे जाता येईल असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु मराठीत १६१६ पासून आजवर झालेल्या ख्रिस्ती लेखनाचे वाचन करताना हाच शब्द वारंवार आडवा येतो. या लेखनाविषयी आपल्याकडे एक सर्वमान्य विधान केले जाते : ख्रिस्ती आशय मराठी संतपरंपरेच्या परिभाषेत सामावला, कारण पाप, शरणागती आणि कृपा या कल्पना भक्तिसंप्रदायात आधीपासूनच रुजलेल्या होत्या. हे विधान खोटे नाही. मात्र ते पाप आणि कृपा या दोन टोकांपुरते खरे आहे. त्या दोहोंच्या मधला जो दुवा, म्हणजे मोह, त्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. ख्रिस्ती विचारात मोह हा संमती मागणारा एक संवाद असतो. मराठीतील ‘मोह’ बहुधा दृष्टीवर पडलेले पटल असतो. हा फरक ध्यानात घेतला नाही तर ‘कृपा’ या शब्दाचे वजनही हाती लागत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. पतनाची ही कथा असूनही या अध्यायात ‘पाप’ हा शब्द येत नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काइनाच्या संदर्भात. तिसऱ्या अध्यायात आहे ते संभाषण. सर्प आज्ञा देत नाही की जबरदस्ती करीत नाही. तो एक प्रश्न विचारतो, आणि प्रश्नात देवाची आज्ञा किंचित वाकवून मांडतो. स्त्री त्याची चूक सुधारते, पण सुधारताना स्वतःही एक शब्द वाढवते : फळाला स्पर्शही करू नये, असे ती सांगते. मूळ आज्ञेत स्पर्शाचा उल्लेख नाही. येथेच कथनाचे कौशल्य आहे. आज्ञा जशी होती तशी ती आता दोघांच्याही बोलण्यात उरलेली नाही, आणि ज्या देवाविषयी हे बोलणे चालले आहे तो त्या संभाषणात अनुपस्थित आहे. मग स्त्रीला झाड दिसते. खाण्यास चांगले, पाहण्यास रम्य, शहाणपण देणारे, असे तिन्ही अंगांनी ते वर्णिले आहे. त्यानंतर घेणे, खाणे आणि देणे या क्रिया एकापाठोपाठ झरझर येतात.

ऑगस्टीनने डोंगरावरील प्रवचनाच्या भाष्यात या प्रसंगातून मोहाच्या तीन पायऱ्या काढल्या : सूचना, रती आणि संमती. पुढे पहिल्या ग्रेगरी पोपने हीच मांडणी रूढ केली. सूचना बाहेरून येते. तिच्याबद्दल माणूस दोषी नाही. रती मनात उमटते. तीही पूर्णांशाने पाप ठरत नाही. संमती दिली की पाप घडले. सर्प म्हणजे सूचना, स्त्री म्हणजे रती, पुरुष म्हणजे संमती देणारा विवेक, असे रूपकही ऑगस्टीनने योजले. या रूपकात स्त्रीला मिळालेल्या जागेचा विचार पुढे करावयाचा आहे. तूर्त एवढेच नोंदवावे की या मांडणीत पाप ही एक घटना आहे. तिला क्षण आहे, स्थळ आहे आणि कर्ता आहे.

भारतीय पुराणकथांतील मोहप्रसंगांची रचना याहून वेगळी आहे. मेनकेमुळे विश्वामित्राचे तप भंगले, तेव्हा जे गेले ते संचित होते. तपाची राशी खर्ची पडली. ऋषी पुन्हा तपाला बसला आणि राशी पुन्हा जमली. कथेचा हिशेब जमाखर्चाचा आहे. आदामाने जे गमावले ते या अर्थाने पुन्हा जमविता येत नाही, कारण ते त्याचे साठविलेले नव्हतेच. त्याने गमावला तो संबंध. म्हणून फळ खाल्ल्यानंतरची पहिली कृती लपण्याची आहे, आणि देवाचा पहिला उद्गार प्रश्नरूप आहे : तू कोठे आहेस? आदामाचे उत्तर तर अधिकच बोलके आहे. तो स्त्रीला दोष देतो आणि ती स्त्री देवानेच दिली होती याची आठवणही करून देतो. संमती स्वतःची होती हे नाकारणे, हाच या कथेतील पापाचा दुसरा अंक होय.

कृपेचा निर्देशही याच अध्यायात आहे, आणि तो सहज नजरेतून निसटतो. बागेतून घालवून देण्यापूर्वी देव त्या दोघांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. शिक्षा रद्द झालेली नाही. कष्ट, वेदना आणि मरण तसेच आहे. तरी ज्यांनी लाजेने पाने शिवली त्यांना देव स्वतः वस्त्र शिवून देतो. त्यांनी क्षमा मागितल्याचा उल्लेख कथेत नाही. ख्रिस्ती परंपरेने ज्याला कृपा म्हटले तिचे लक्षण येथे सापडते : ती मागण्याच्या आधी येते आणि परिणामांचा निरास न करताही येते.

३

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अपात्राला मिळणारी कृपा भक्तिपरंपरेलाही ठाऊक आहे. हे खरेच आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये मर्कटन्याय आणि मार्जारन्याय यांवरून जो वाद झाला त्याचा विषय नेमका हाच होता. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून असते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. जीवाने काही धरावे लागते की नाही? पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात झालेला वाद याच जातीचा होता. देवाने जे आज्ञापिले ते करण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाचे ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबा’तील उद्गार पेलाजियसला असह्य झाले, कारण त्यातून माणसाचे उत्तरदायित्वच सुटते असे त्याला वाटले. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसवाद्यांचे मत धिक्कारले. प्रश्न मात्र संपला नाही. मराठी संतांच्या अभंगांतील ‘पतित’ आणि ‘पतितपावन’ ही जोडी मार्जारन्यायाच्या बाजूला झुकते. तुकारामांच्या आत्मनिंदेत जी प्रखरता आहे ती कोणत्याही ख्रिस्ती पापनिवेदनापेक्षा कमी नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक म्हणत, त्याला हा आधार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाप जर संमतीने घडणारी घटना असेल, तर आदामाचे पाप वंशपरंपरेने सर्वांना लागते या सिद्धान्ताचे काय? येथे ऑगस्टीनच्या विचारातच एक ताण आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. जन्मतः मिळालेल्या पापाला माझी संमती नव्हती. मग ते पूर्वसंचितापेक्षा कोणत्या अर्थाने वेगळे? तार्किक उत्तर अवघड असले तरी सामाजिक उत्तर स्पष्ट आहे. पूर्वसंचित प्रत्येकाचे वेगळे असते आणि जन्माच्या उतरंडीचे समर्थन त्यातून करता येते. चोखामेळ्याच्या नावावरील एका अभंगात आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वीच्या दोषात शोधलेले आढळते, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. आदिपाप मात्र सर्वांच्या वाट्याला सारखेच येते. राजा आणि झाडूवाला यांच्या पापात पायरीचा फरक नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा वरकरणी निराशाजनक सिद्धान्त काहींना मुक्त करणारा वाटला असेल, तर त्याचे कारण येथे शोधावे लागते. सिद्धान्त आणि व्यवहार यांत अंतर राहिले हेही सांगितले पाहिजे. गोव्यातील ख्रिस्ती समाजात जातींची उतरंड टिकून राहिली.

तेव्हा पाप आणि कृपा या दोन्ही टोकांवर मराठी परिभाषा ख्रिस्ती आशयाला पुरी पडते, किंवा निदान त्याच्याशी वाद घालू शकते. अडते ते मधल्या ठिकाणी. ‘मोह’ म्हटले की मराठी वाचकाला मोह-माया, षड्रिपू आणि अविद्या आठवते. मोहाचे पटल दूर झाले की काम झाले; तेथे ज्ञान पुरेसे असते. ख्रिस्ती विचारात ज्ञान झाल्यावरही संमती चुकीच्या बाजूला जाऊ शकते. सोळा वर्षांच्या ऑगस्टीनने मित्रांबरोबर चोरलेली नासपतीची फळे याचे प्रसिद्ध उदाहरण. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरी वाईट हे त्याला ठाऊक होते. त्या वाईटपणाचीच गोडी लागली, आणि एकटा असतो तर हे केले नसते, असे तो म्हणतो. अविद्येच्या परिभाषेत या प्रसंगाचे वर्णन करता येत नाही.

४

आता मराठी संहितांकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. विल्टशरमध्ये जन्मलेला हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टी भागात आयुष्यभर राहिला. ग्रंथाचे रूप पुराणाचे, छंद ओवी. पहिल्या पुराणात सृष्टी, ल्युसिफराचे बंड, आदाम-एवेचे पतन आणि पुढील इतिहास, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. निवेदनाची चौकट गुरू आणि श्रोते यांच्या संवादाची आहे, आणि पुराण हवे अशी मागणीही एका श्रोत्याकडूनच आलेली दाखविली आहे. स्टीफन्सच्या मराठीच्या गोडव्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यानंतर तर विशेषच. त्याच्या संवादरूपाचा मात्र मोहाच्या कल्पनेशी असलेला संबंध फारसा तपासला गेलेला नाही.

स्टीफन्सचा काळ ध्यानात घ्यावयास हवा. लुइस दे मोलिना या जेझुइटाचा, मानवी इच्छास्वातंत्र्य आणि ईश्वरी कृपा यांचा मेळ घालणारा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झाला. त्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात जो वाद पेटला तो पाचव्या पॉल पोपने १६०७ मध्ये निर्णय न देताच थांबविला. माणसाची संमती खरी असते, कृपा तिला चिरडीत नाही, हा जेझुइटांचा आग्रह होता. स्टीफन्सने हे ग्रंथ वाचले होते की नाही यावर येथे काही अवलंबून नाही. त्याच्या संघाची विचारपद्धती ही होती. अशा लेखकाने श्रोत्याला प्रश्न विचारू द्यावेत, शंका घेऊ द्यावी आणि पटवून देत पुढे जावे, हे केवळ पुराणशैलीचे अनुकरण ठरत नाही. संमती मिळवायची असेल तर संवाद अपरिहार्य आहे.

पण येथेच एक कटू विरोध उभा राहतो. संहितेत ज्या श्रोत्यांची संमती मागितली जाते त्यांच्या भोवतालची परिस्थिती संमतीला अनुकूल नव्हती. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून काम करीत होते. कुंकळ्ळी येथे १५८३ मध्ये पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावावर सूड उगविण्यात आला. ज्या पुराणांच्या जागी हे पुराण आले ती श्रोत्यांकडून आधीच हिरावली गेली होती. ज्या धर्मविचारात दबावाखाली केलेले पाप पूर्ण पाप ठरत नाही, त्याच विचाराने दबावाखाली दिलेल्या विश्वासाचे काय करावयाचे? ‘क्रिस्तपुराणा’च्या भाषासौंदर्याचे कौतुक करताना हा प्रश्न टाळणे म्हणजे त्या ग्रंथाच्याच नैतिक कसोटीपासून त्याला सूट देणे होय. स्टीफन्सची मराठी आपल्याला जिंकते. पण जिंकले जाणे आणि संमती देणे यांतला भेद त्याच्याच धर्मशास्त्राने शिकविला आहे.

५

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटते. आता धर्मांतर करणाऱ्यावर राज्यसत्तेची सक्ती नाही. उलट सारे सामाजिक दडपण दुसऱ्या बाजूने आहे. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. या आत्मचरित्रात मोहाचे स्वरूप चमत्कारिक झाले आहे. ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबा’च्या आठव्या भागात जुन्या वासना त्याचे वस्त्र मागून ओढतात. पदमनजींना मागे ओढतात ती आईबाप, घर आणि जात. बुद्धीला पटलेले असूनही पाऊल अडते ते व्यसनामुळे नव्हे. मायेच्या माणसांना दुःख होईल म्हणून. म्हणजे मराठी धर्मांतरकथेत मोहाच्या जागी ममता येऊन बसते. ‘मोह-ममता’ हा जोडशब्द मराठीत आधीच होता. येथे त्याला कथनाचा आकार मिळाला. पण त्यामुळे वाचकापुढे अडचण उभी राहते. आईविषयीची माया हे प्रलोभन मानायचे काय? कृपेच्या विजयाची कथा कोणाच्या तरी पराभवाचीही कथा असते, आणि पराभूत पक्षाला अशा आत्मचरित्रात बोलण्याची संधी क्वचितच मिळते.

‘कबुलीजबाबा’तही असा एक मूक पक्ष आहे. ऑगस्टीनबरोबर अनेक वर्षे राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री, त्याच्या विवाहाच्या आड येते म्हणून आफ्रिकेला परत पाठविली जाते. तिच्या जाण्याने हृदय फाटले असे ऑगस्टीन सांगतो. ती पुन्हा कोणाही पुरुषाबरोबर न राहण्याचे व्रत घेऊन गेली हेही सांगतो. तिचे नाव मात्र सांगत नाही. रूपकात स्त्री म्हणजे रती. कथेत ती निनावी. दोन्ही ठिकाणी तिला स्वतःची संमती नाही.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे वेगळेपण उठून दिसते. १८९५ च्या फेब्रुवारीत ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराची रूढ कथा लिहावयाची झाली असती तर लक्ष्मीबाई हाच त्यातील मोह ठरल्या असत्या : मागे ओढणारी पत्नी, जिच्यावर मात करून साधक पुढे जातो. परंतु हे पुस्तक त्या पत्नीने लिहिले. जिला मागे टाकावयाचे ती व्यक्ती येथे निवेदक आहे, आणि तिला नाव, विनोद, संताप, आकांत आणि स्वतःची गती आहे. ऑगस्टीनच्या त्या निनावी सहचरीने लेखणी हाती घेतली असती तर काय दिसले असते, याची थोडीशी कल्पना मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रां’मुळे करता येते.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनाचे चित्रण या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे येतात, तरी सोवळे सोडीत नाहीत. त्यांच्या मनात पापाची जाणीव विटाळाच्या रूपाने वावरते. मग एके दिवशी त्या विचार करीत बसतात : माणसांतल्या जाती देवाने केल्या की माणसांनी? या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळते आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी होते. यात आकाशवाणी नाही, रडणे नाही, बागेतला अंतर्नाद नाही. पतीने वाद घालून त्यांना जिंकलेले नाही. टिळकांनी दीर्घकाळ वाट पाहिली हेच येथे महत्त्वाचे. संमती त्यांची स्वतःची आहे, आणि ती प्रथम सिद्धान्ताला दिली जात नाही, पाण्याच्या भांड्याला दिली जाते. १९०० मध्ये त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा या आधीच घडलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करतो.

येथे कृपा कोठे आहे? लक्ष्मीबाई तिचा फारसा उच्चार करीत नाहीत. तरी कथनात तिची जागा रिकामी नाही. कृपेचे चित्रण करणाऱ्या लेखकापुढे एक तांत्रिक अडचण असते : कथानक कार्यकारणाने चालते, आणि कृपेला तर कारण नसते. तिला सरळ आणली की ती शेवटच्या अंकात अवतरणाऱ्या देवासारखी उपरी दिसते. तिला कारणे जोडली की ती कमाई ठरते. प्रचारकी ख्रिस्ती कादंबरी बहुधा या दोहोंपैकी एका खड्ड्यात पडते. लक्ष्मीबाई तिसरा मार्ग धरतात, बहुधा हेतुतः नव्हे. त्या फक्त घडलेले सांगतात, आणि स्वतःच्या बदलाचे श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. काल जे अशक्य होते ते आज शक्य झाले, एवढेच वाचकाला दिसते. उत्पत्तीच्या कथेत शिवून दिलेल्या वस्त्रासारखी ही कृपा घरगुती आहे.

६

या वाचनातून निष्पन्न होणारी गोष्ट मर्यादित आहे; तिचा अतिविस्तार करू नये. ख्रिस्ती आणि भक्तिपर लेखन यांतील साम्ये दाखविणारी समीक्षा आवश्यक होती व आहे. परंतु ‘पाप’ आणि ‘कृपा’ या शब्दांच्या साम्यावर ती थांबली की मधला संमतीचा प्रश्न नजरेआड होतो, आणि मग ‘क्रिस्तपुराण’ हे केवळ भाषेचे लेणे ठरते, ‘अरुणोदय’ केवळ सामाजिक दस्तऐवज ठरतो आणि ‘स्मृतिचित्रे’ केवळ एका दिलखुलास बाईच्या आठवणी ठरतात. या तिन्ही संहिता एकाच प्रश्नाभोवती फिरतात : माणसाचा होकार खरोखर त्याचा कधी असतो? स्टीफन्सच्या काळाने तो प्रश्न सत्तेच्या सावलीत विचारला, पदमनजींनी मायेच्या ओढीत, लक्ष्मीबाईंनी ओट्यावर. प्रार्थनेतील त्या एका शब्दाचे मराठी रूपांतर ‘परीक्षा’ करावे की ‘मोह’, हा वाद सुटण्याची शक्यता कमी आहे, कारण परीक्षेत इच्छा हरवते आणि मोहात संमती. मराठी समीक्षेने हा वाद सोडविण्याची गरजही नाही. तो शब्द जेथे अपुरा पडतो तेथे थांबून, होकार कोणी दिला आणि तो देण्याची मोकळीक त्याला होती काय, एवढे विचारले तरी या संहितांचे वाचन पुढे सरकेल.